'अस्तु' आणि 'आमेन'

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटाविषयी या पानांतून लिहावे, असे बरेच दिवस आमच्या मनात होते. चित्रपट २०१३ सालचा. त्यातील संवादांसाठी सुमित्राबाईंना आणि चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले. पुढे २०२१ साली सुमित्राबाईंचे निधन झाले. तेव्हाच चार शब्द लिहावयाचे होते, पण लेखणी अडली. या कलाकृतीचा आम्ही लावलेला पहिला अर्थ अपुरा होता, आणि ते आम्हांला एका गृहिणीने दाखवून दिले होते.

कथानक थोडक्यात असे. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. अल्झायमर या विकाराने त्यांची स्मृती हळूहळू मावळत आहे. थोरली मुलगी इरा एकदा त्यांना गाडीत बसवून क्षणभर बाजूला जाते, तेवढ्यात रस्त्याने हत्ती येतो. शास्त्रीबुवा लहान मुलाच्या कुतूहलाने गाडीतून उतरतात आणि हत्तीच्या मागे चालू लागतात. इकडे मुलगी वडिलांना शोधत वणवण करते, तिकडे वडील माहुताच्या पालावर पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला आपल्यात सामावून घेते, आणि ते तिलाच आई मानू लागतात.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही दोंडाईच्यात प्रवचनासाठी हाच प्रसंग घेतला होता. हा कोण, कुठला, किती शिकलेला, यांतले काहीही न विचारता एक निरक्षर बाई परक्याला घास भरवते, हीच शुभवर्तमानातील दया, असे आम्ही मोठ्या तळमळीने सांगितले. मिस्सा आटोपल्यावर एक भगिनी भेटावयास आल्या. शांतपणे म्हणाल्या, "फादर, त्या चन्नम्माने म्हाताऱ्याला एक दिवस सांभाळले. मी माझ्या सासऱ्यांना सहा वर्षे सांभाळते आहे. माझ्यावर कुणी पिक्चर काढणार नाही, पण तुम्ही निदान प्रवचन तरी करायचे होते."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या घरी आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असू. आजोबांना आमचे नाव आठवत नसे, पण जपमाळ हाती दिली की बोटे आपोआप मण्यांवरून सरकू लागत. एरवी नीट मराठीत बोलणारे ते गृहस्थ आता केवळ अहिराणीतच बोलत. आमच्याकडे पाहून ते गोड हसत आणि आम्ही कृतार्थ होऊन परतत असू. आमच्या पाठीमागे त्या घरात काय चालते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. तोच प्रश्न दिवसातून वीस वेळा यावयाचा. ताटावरून उठताच "मला जेवायला दिले नाही" अशी तक्रार व्हावयाची. सुनेवर पैसे चोरल्याचा आळ यावयाचा. रेल्वेरूळ जवळ, म्हणून रात्री दाराला आतून कुलूप घालून ती उशाशी किल्ली घेऊन निजावयाची. महिन्यातून अर्धा तास प्रेमळ असणे फारसे कठीण नसते. चन्नम्माची भूमिका आमच्या वाट्याला आली होती आणि इरेची त्या भगिनीच्या.

त्यानंतर आम्ही 'अस्तु' पुन्हा पाहिला, आणि चित्रपट आमच्या प्रवचनापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे हे ध्यानी आले. दिग्दर्शकांनी चन्नम्माला देवता केलेले नाही आणि इरेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही. दोघींमध्ये फरक आहे तो दुःखाचा. चन्नम्माला समोरचा माणूस आहे तसा दिसतो, कारण तो पूर्वी कसा होता हे तिला ठाऊकच नाही. इरा मात्र एकाच देहात दोन वडील पाहते. एक तिला घडविणारे विद्वान, दुसरे तिला न ओळखणारे मूल. जिवंत माणसाचा शोक करीत त्याचीच सेवा करावयाची, हे तिचे ओझे. तिची चिडचिड, तिचे अपराधीपण, घरातील बोलाचाली चित्रपट झाकून ठेवीत नाही. आम्ही मात्र प्रवचनास सोयीचा तेवढा अर्धाच चित्रपट उचलला.

मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. कदाचित त्यामुळेच त्यांनी रंगविलेला रुग्ण केविलवाणा होत नाही आणि विनोदाचा विषयही बनत नाही. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसणारा आपला समाज, त्यात हा संयम मोलाचा आहे. संस्कृतचा पंडित आणि कानडी वळणाचे मराठी बोलणारी बाई यांच्यात संवाद घडतो तो शब्दार्थाच्या पलीकडे. सुरांतून, स्पर्शातून. तरीही एक उणीव नोंदवावीशी वाटते. सुशिक्षितांचे घर कोंडलेले आणि पालावरचे जीवन मोकळे, असा विरोध चित्रपटात अधूनमधून फार सोपा होतो. पालावर वर्ष काढावे लागले असते, तर चन्नम्माचा धीरही सुटला असता. त्यात तिचे काहीच उणे ठरले नसते.

हा विकार म्हणजे म्हातारचळ नव्हे. जर्मन वैद्य अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली अशा एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदल प्रथम वैद्यकसभेपुढे मांडले. नव्या आठवणी साठविणारा भाग आधी दुबळा होतो, म्हणून सकाळचे जेवण विसरते पण बालपण आठवते. यात करणी नाही, पापाचे फळ नाही. आज मिळणाऱ्या गोळ्या काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरतात, अलीकडची काही इंजेक्शने आरंभीच्या अवस्थेत झीज थोडी मंदावतात, परंतु विकार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र प्रत्येक विस्मरण अल्झायमरचे नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडची मंदगती, नैराश्य, डोक्यास मार लागून साकळलेले रक्त, यांमुळेही स्मृती ढळते आणि उपचारांनी सुधारू शकते. म्हणून "वय झाले" असे म्हणून घरी न बसता धुळ्यास, नाशिकला किंवा सुरतेस नेऊन तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

सेमिनरीत असताना संत ऑगस्तीन यांच्या 'कन्फेशन्स'चे दहावे पुस्तक आम्ही अभ्यासले होते. स्मृतीच्या विशाल दालनांत ते देवाला शोधतात. पुढे त्या आजोबांकडे पाहून प्रश्न पडे, ही दालनेच कोसळली तर देव कुठे राहील? उत्तर यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात सापडते. आई आपल्या मुलाला विसरली तरी देव विसरत नाही, असे आश्वासन तेथे आहे. म्हणजे माणसाचे माणूसपण त्याला काय आठवते यावर अवलंबून नाही. त्याची आठवण कोण ठेवतो, यावर ते उभे आहे.

पण आठवण ठेवण्याचे काम देवावर सोपवून ख्रिस्तसभेला मोकळे होता येणार नाही. 'अस्तु' म्हणजे असो, तसे होवो. या अर्थाने ते आपल्या 'आमेन'चे सख्खे भावंड वाटते. तथापि ज्या हिब्रू धातूपासून 'आमेन' आला, त्याचा अर्थ दृढ असणे, भरवशाचे असणे असा आहे. आजाराचा स्वीकार करताना घरच्यांनी 'अस्तु' म्हणावे. शेजाऱ्यांनी आणि धर्मग्रामाने मात्र 'आमेन' म्हणावे, म्हणजे भरवसा द्यावा.

त्या भगिनीला आम्ही अखेर विचारले, "तुम्हांला काय हवे?" आम्हांला वाटले, त्या प्रार्थना मागतील. त्या म्हणाल्या, "गुरुवारी बाजाराला जाता येईल असे दोन तास. आणि एक रात्र सलग झोप." दोन घरे पुढे आली. एकीकडून गुरुवारचे दोन तास मिळाले, दुसरीकडचा मुलगा शनिवारी रात्री आजोबांच्या खोलीत निजू लागला. आजोबा गेल्या उपवासकाळात प्रभूघरी गेले. शेवटपर्यंत त्यांनी सुनेला नावाने ओळखले नाही.

मातीच्या वेळी प्रवचन आमचेच होते. त्या दिवशी आम्ही चन्नम्माचे नाव घेतले नाही. त्या सुनेविषयी बोललो.