भिंतीपासून सुटलेली सजावट : लातूर-नांदेडच्या घरांतील अलंकरणाची सद्यःस्थिती

लातूर आणि नांदेड या दोन शहरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत बांधल्या गेलेल्या मध्यमवर्गीय घरांच्या आतून फिरले, तर लातूरच्या औसा रस्त्यावरचे घर कोणते आणि नांदेडच्या तरोड्याकडचे कोणते, हे सजावटीवरून ओळखणे जवळजवळ अशक्य होते. स्लॅबखाली पीओपीचे, म्हणजे जिप्सम भाजून केलेल्या पांढऱ्या भुकटीच्या लेपाचे दुसरे छत, त्याच्या खाचांतून झिरपणारी निळी किंवा रंग बदलणारी एलईडीची पट्टी, टीव्हीमागे नकली दगडाचा किंवा उभ्या प्लास्टिकपट्ट्यांचा (बाजारात यांना लुव्हर्स म्हणतात) पडदा, सोफ्यावर धावत्या सात घोड्यांचे चित्र, कोपऱ्यात कृत्रिम हिरवळीचा चौकोन आणि मागून उजळलेले पांढरेशुभ्र देवघर, हा संच आता इतका ठरून गेला आहे की घरमालक बदलला तरी बैठक बदलत नाही. या सजावटीचा कंटाळा पाहुण्यांना तर आला आहेच, पण ती पाच-सात वर्षांपूर्वी हौसेने करवून घेणाऱ्या कुटुंबांनाही आला आहे. त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की सजावट फार झाली. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण याच प्रदेशातले जुने वाडे काही कमी नटलेले नव्हते आणि त्यांचा कंटाळा आल्याची तक्रार कोणी केलेली नाही. खरे कारण असे दिसते, की इथल्या घरातील अलंकरण घराच्या कामापासून, म्हणजे भार पेलणे, ऊन अडवणे, उजेड आत घेणे, वस्तू ठेवणे यांपासून सुटे झाले आहे. हे सुटे होणे मराठवाड्याच्या या भागात एका विशिष्ट इतिहासातून घडले असल्यामुळे त्याचा विचार पुण्या-मुंबईच्या फॅशनची नक्कल एवढ्यावर संपत नाही.

या भागातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि सर्वांत वर गावच्या पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची बांधणी असे. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणत आणि घर किती खणांचे यावरून त्याचे मोजमाप होई. रस्त्याकडून आत शिरताना ढेलज, म्हणजे दाराआतली बसण्याउठण्याची आच्छादित जागा, मग अंगण, मग ओसरी आणि माजघर, असा क्रम असे. धान्यासाठी भिंतीलगत बळद असे आणि उजेड घेण्यासाठी व धूर सोडण्यासाठी माळवदात साणे, म्हणजे झाकता येणारे भोक, ठेवलेले असे. या घरात सजावट कुठे होती, हे पाहण्याजोगे आहे. ती दाराच्या चौकटीवरच्या गणेशपट्टीत होती, आणि ती पट्टी चौकटीचाच भाग होती. ती खांबाच्या तळखड्यात होती, जो लाकूड ओलीपासून वर उचलत असे. खांब आणि तुळई यांच्यामध्ये भार पसरवणाऱ्या कोरीव लाकडातही ती होती. देवळीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. भिंतीची जाडी आधीच असल्यामुळे तिच्यात दिव्यासाठी कोनाडा सोडणे गवंड्याला फुकट पडे. त्याची कमान वरचा दगड पेलत असे, त्याचा तळ हाताच्या उंचीवर येई, आणि दिव्याच्या काजळीने काळा पडलेला त्याचा माथा दर दिवाळीला चुन्याने पुन्हा पांढरा होई. त्या एका पोकळीत बांधकाम, उजेड, साठवण आणि शोभा एकत्र नांदत होती, आणि त्यांतली एक काढून बाकीच्या ठेवणे शक्य नव्हते.

हे नाते तुटले त्याची एक निश्चित तारीख सांगता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात झालेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे घराखाली गाडली गेली. माणसे मेली ती मुख्यतः भिंतींमुळे आणि मातीच्या छतामुळे. घर गार राहावे आणि गळू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढवली जात असे, त्यामुळे डोक्यावर प्रचंड वजन साठलेले होते. भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जोडणारे लांब दगड अनेक ठिकाणी घातलेलेच नव्हते, म्हणून हादऱ्यासरशी भिंती दोन्ही अंगांना उसवल्या. बऱ्याच ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतालची भिंत तेवढी कोसळली, ही नोंद अभ्यासकांनी केली. पण घरातली माणसे गमावलेल्या गावाला हा भेद ऐकवणे शक्य नव्हते, आणि त्याने तो का ऐकावा, असाही प्रश्न आहे. दगड, माती आणि लाकूड यांच्यावरचा विश्वास त्या पहाटे उडाला. त्यानंतर या भागात सिमेंट-काँक्रीटकडे झालेली धाव ही फॅशन नव्हती, ती जिवाची भीती होती, आणि माळवदाच्या घराविषयी हळवे लिहिणाऱ्या कोणीही हे विसरता कामा नये.

पुनर्वसनात ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. तिथे जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे सरळ रेषेतल्या रस्त्यांवर उभी राहिली. ती सुरक्षित होती, परंतु त्यांत ढेलज नव्हती, बळद नव्हते आणि भिंत पातळ असल्यामुळे देवळीही नव्हती. लोकांनी पुढे हळूहळू भोवती भिंत घातली, पुढे ओसरी काढली, प्रवेशाला मोठे दार बसवले. त्यांना हवे असलेले घर कोणते, याची ती स्पष्ट खूण होती. मात्र दुरुस्तीची ही समजूत गावाच्या वेशीपलीकडे शहरात पोचली नाही. लातूर शहर शिकवण्यांच्या आणि वसतिगृहांच्या पैशावर वाढत गेले. नांदेडमध्ये २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, आणि रुंद रस्त्यावरच्या घराला अचानक दर्शनी बाजू सांभाळावी लागली. दोन्ही शहरांत नवे घर म्हणजे काँक्रीटचा सांगाडा आणि त्यात भरलेल्या चार ते नऊ इंची विटांच्या भिंती असे ठरून गेले. भार खांबांनी पेलल्यावर भिंतीला कामच उरले नाही, आणि काम नसलेल्या भिंतीचे काय करायचे या प्रश्नाला बाजाराने उत्तर दिले : ती झाकायची.

झाकण्याच्या या कलेचा सर्वांत लाडका नमुना म्हणजे फॉल्स सीलिंग. दहा फूट उंचीच्या खोलीत ते सहा इंचांपासून फूटभर जागा खाते, पंखा खाली येतो आणि बैठकीची मोकळीक जाते. वरच्या मजल्यावर स्लॅबची धग त्यामुळे थोडी अडते, हा त्याच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. परंतु ते ज्या थाटाने खालच्या मजल्यांवर, स्वयंपाकघरात आणि कधी जिन्याच्या वळणावरही बसवले जाते, त्यावरून धग अडवणे हा त्याचा हेतू नाही हे उघड होते. स्लॅब पाझरू लागला तर ओल पीओपीच्या मागे महिनोन्महिने लपून राहते आणि दिसते तेव्हा पिवळा डाग होऊन दिसते. एलईडीच्या खाचेत काळ्या जमिनीची बारीक धूळ साठते, आणि तिथे हात पोचत नसल्यामुळे वर्षभरात उजेडाची कड करडी पडते. ही पट्टी अनेक घरांत पहिल्या सहा महिन्यांनंतर लावलीच जात नाही. ती पाहुणे आल्यावर लागते. रोज न वापरता येणारा उजेड घराच्या छतात कायमचा गाडून ठेवणे, ही या काळातल्या सजावटीची बरीच नेमकी व्याख्या ठरेल.

दुसरा प्रकार सोंगाचा. सिमेंटच्या फरशीवर दगडाचा छाप, प्लास्टिकवर सागाच्या रेषा, चिनीमातीच्या टाइलवर संगमरवराच्या शिरा आणि प्लायवूडवर सनमाईकाचा चकाकता पापुद्रा. इंग्रज समीक्षक जॉन रस्किन याने १८४९ च्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात एका द्रव्याला दुसऱ्या द्रव्याचे रूप रंगवून देणे हा वास्तूतला खोटेपणा मानला होता. त्याच्या मताला नैतिक उपदेशाची जी धार आहे ती आज सर्वांना मानवणार नाही, आणि कमी पैशात संगमरवराचा आनंद घेऊ पाहणाऱ्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घराला खोटे ठरवण्याचा अधिकार समीक्षेला नाही. आक्षेप वेगळा आहे. लातूर-नांदेडपासून शहाबाद आणि तांडूर लांब नाहीत. तिथली फरशी दोन पिढ्यांनी अंगणात, ओसरीत आणि स्वयंपाकघरात वापरली, ती उन्हाळ्यात पायाला गार लागते आणि वापराने तुकतुकीत होत जाते. तिच्या जागी गुजरातेतल्या मोरबीहून पांढरी चकचकीत टाइल आली, जिच्यावर काळ्या मातीच्या धुळीचा प्रत्येक पाऊलठसा उमटतो आणि जी दिवसातून दोनदा पुसावी लागते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या शहराने पुसण्यासाठी सर्वाधिक पाणी मागणारी जमीन निवडावी, ही केवळ रुचीची चूक म्हणता येत नाही.

घराच्या बाहेरची बाजूही याच न्यायाने चालते. स्थानिक भाषेत तिला एलेव्हेशन म्हणतात. पश्चिमेकडे तोंड करून बसवलेली निळी काच, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत प्लास्टिक भरून केलेले एसीपीचे तांबडे-करडे चौकोन आणि नावापुरते उरलेले छज्जे हे तिचे घटक. पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या मे महिन्यात ती काच दुपारभर तापते आणि आतला पडदा कायमचा ओढलेला राहतो.

तिसरी गोष्ट अधिक खोलवरची आहे आणि तिच्याकडे सजावटीच्या चर्चेत सहसा लक्ष जात नाही. जुन्या घराची बरीचशी शोभा मुळात ऋतूची होती. घटस्थापनेपूर्वी घर सारवले जाई, दिवाळीला चुना लागे, श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर येई. भाद्रपदातील ज्येष्ठा गौरी, ज्यांना मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात, बसत तेव्हा माजघराचा एक कोपरा साड्यांच्या पडद्यांनी, केळीच्या खांबांनी आणि वरून टांगलेल्या करंज्या-पापड्यांच्या फुलोऱ्याने तीन दिवस दुसराच होऊन जाई, आणि विसर्जनानंतर तो पुन्हा साधा कोपरा उरे. सजावट येत होती तशी जातही होती, म्हणून ती पुढच्या वर्षी पुन्हा हवीशी वाटे. आजच्या बैठकीने सणाचा उजेड छतात, सणाची फुले प्लास्टिकची करून कोपऱ्यात आणि सणाचा मखर टीव्हीमागे कायमचा बसवला आहे. त्यामुळे प्रत्यक्ष महालक्ष्म्या आल्या, की त्या आधीच नटलेल्या खोलीत त्यांना जागा शोधावी लागते. कंटाळ्याचे मूळ बरेचसे इथे आहे : जे तीन दिवसांसाठी जन्मले ते पंधरा वर्षांसाठी स्क्रूने आवळले गेले.

याचा अर्थ या प्रदेशाकडे सजावटीची सामग्री उरलेली नाही असा नव्हे. देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिराकडे पाहिले तर कोरीव काम आणि भार पेलणारा दगड वेगळे काढता येत नाहीत. किनवट-माहूरच्या तांड्यांवरचे बंजारा भरतकाम, ज्यात कवड्या, आरसे आणि जाड रंगीत टाके येतात, कापडावरचे असल्यामुळे धुता, काढता आणि बदलता येते. उदगीरच्या पलीकडे बीदर आहे आणि तिथले बिदरी काम, म्हणजे काळ्या धातूत चांदीची नक्षी बसवण्याची कला, कित्येक जुन्या घरांत तबकाच्या वा फुलदाणीच्या रूपाने आजही सापडते. काँक्रीटच्या सांगाड्यातही नऊ इंची भिंतीत आतून पाच-सहा इंच खोल कोनाडा सोडता येतो, पश्चिमेला काचेऐवजी विटांची जाळी उभी करता येते, दोन फुटांचा छज्जा काढता येतो. केरळात लॉरी बेकर यांनी विटांच्या जाळीतून उजेड, वारा आणि नक्षी तिन्ही साधून दाखवले, आणि तेही कमी खर्चात. अशी घरे या दोन जिल्ह्यांत तुरळक का राहतात, याचे उत्तर रुचीइतकेच व्यवहारातही आहे.

सजावटीचे काम इथे चौरस फुटाच्या किंवा रनिंग फुटाच्या दराने दिले जाते. पीओपीचा दर छताच्या क्षेत्रफळावर, पॅनलचा दर भिंतीच्या क्षेत्रफळावर आणि फर्निचरचा दर प्लायवूडच्या पृष्ठभागावर ठरत असल्यामुळे जितके झाकावे तितके बिल वाढते, आणि उघडी ठेवलेली भिंत कंत्राटदाराच्या हिशेबात वाया गेलेली भिंत असते. कोनाड्याला दर नाही, कारण तो जिथे काही नाही ती जागा आहे. शिवाय त्याचा निर्णय वीट रचण्यापूर्वी घ्यावा लागतो, तर सजावटीचा माणूस घरात येतो तो प्लॅस्टर सुकल्यावर. गणेशपट्टी कोरणाऱ्या सुतारांच्या पुढच्या पिढीच्या हाती आज प्लाय कापण्याचे यंत्र आहे आणि तिच्या कौशल्याची किंमत फुटांवर होते. दर ठरवण्याची ही रीत तशीच ठेवून रुची बदलू पाहिली, तर पीओपीच्या जागी उद्या दुसरे काही येईल आणि तेही चौरस फुटांनीच मोजले जाईल. लातूर-नांदेडमध्ये ज्या थोड्या घरांत देवळी, जाळी आणि शहाबादी फरशी पुन्हा दिसू लागली आहे, तिथे बहुधा घरमालकाने पाया खोदण्याआधीच गवंड्याशी बसून बोलणे केले आहे आणि त्याला त्या कामाची मजुरी दिवसाच्या हिशेबाने दिली आहे.