आकृतीतले तेल हलत नाही

पाठ्यपुस्तकी आकृत्यांत इंजिनाच्या तळाशी, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या ‘चेंबर’मध्ये, तेल कायम सपाट असते. आमचा आक्षेप त्यालाच आहे. मोहदरी घाटातून सिन्नरकडे येणारी मोटार समजा शर्यतीच्या वेगाने वळली. वळणाचा रेटा गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलेल. पंप हवा ओढेल, बेअरिंगे झिजतील. म्हणून शर्यतीच्या मोटारींत तेल वेगळ्या टाकीत ठेवतात. हा ‘ड्राय संप’ काढून चेंबरमध्येच तेल ठेवायचे, तर आत आडपडदे हवेत. बुलेट मोटरसायकल मात्र २००८ नंतर अशी बदलली, तरी तिला वळणाची भीती नाही. ती झुकते, तेलही तिच्यासोबत कलते. पाण्याचा पेला आधी हातात सरळ धरून, मग दोरीला टांगून गोल फिरवा; मुलांना फरक दिसेल.