मितव्ययी आदेश परिमाण आणि साखरेचे गोदाम

फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेले मितव्ययी आदेश परिमाणाचे सूत्र वाणिज्य शाखेच्या अध्यापनात आजही प्रमाण मानले जाते. मागणी स्थिर असते व आदेशाचा आकार व्यवस्थापन ठरविते, ही त्याची मूळ गृहीतके. सहकारी साखर कारखान्याच्या सुट्या भागांपुरते ते ठीक. तयार साखरेस मात्र सर्वथा गैरलागू. उत्पादन गळीत हंगामाच्या मोजक्या महिन्यांत, विक्री वर्षभर, आणि २०१८ पासून तीही केंद्राच्या मासिक कोट्यानुसार. साठा किती ठेवावा हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. तो ठेवावाच लागतो. उलटपक्षी, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये उसाची किंमत १४ दिवसांत देय असल्याने त्याच पोत्यांवर बँकेकडून मालतारण कर्ज उचलले जाते. साठा वहन खर्चाचे खरे ओझे या व्याजाचे. गोदाम व विमा त्यामानाने किरकोळ. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत मात्र हे व्याज एका ठोक टक्केवारीत गुंडाळले जाते. ऊस उत्पादकाची थकबाकी तर कोणत्याच रकान्यात नसते. विलंबास १५ टक्के व्याजाची तरतूद असली, तरी ते दिले न गेल्यास साठ्याचा भार शेतकरीच वाहतो, आणि परिव्यय पत्रकात तो शून्य दिसतो.