कण्याचा बाक आणि ‘सरळ’ या शब्दाचा अर्थ

हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथील नागनाथाच्या देवळासंबंधीची आख्यायिका सर्वपरिचित आहे. नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करण्यास सांगितले गेले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्यासन्मुख झाले. नंदी मागे राहिला, हा त्याचा दाखला म्हणून दाखविला जातो. कथेची ऐतिहासिकता हा येथे प्रश्न नाही. कोण फिरले हे ठरविण्यास काहीतरी एक स्थिर मानावे लागते, एवढेच तिच्यावरून घ्यावयाचे. स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा बाजूस वळलेला बाक, असणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींचा तोल आणि अंगस्थितिबोध यांवरील संशोधन नेमके याच ठिकाणी ढिले पडते.

क्ष-किरण चित्रावर कॉब यांच्या १९४८ च्या पद्धतीने मोजलेली वक्रता १० अंश वा अधिक भरली, की स्कोलिओसिस मानतात. १० ते १६ या वयात शेकडा २ ते ३ मुलांत ती आढळते. मोठे बाक मुलींत फार अधिक. बहुतेकांत कारण सापडत नाही, आणि ते अंगस्थितिबोधाच्या दोषात असावे असा तर्क त्यामुळेच आकर्षक ठरतो.

त्या तर्काच्या बाजूचा पुरावा हलका नाही. बेडकाच्या डिंभावस्थेत एका बाजूच्या अंतःकर्णातील तोलाचे इंद्रिय काढल्यास प्रौढपणी त्याचा सांगाडा वाकडा होतो, हे २००९ साली दाखविले गेले. स्नायूंच्या ताणाची वार्ता मेंदूस पोचविण्यास आवश्यक असलेले पीझो-२ हे जनुक निकामी झालेल्या दोन रुग्णांचे वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोघांच्याही कण्यास वाढता बाक होता. पुढील वर्षी उंदरांवरील प्रयोगांनी त्यास दुजोरा दिला. परंतु त्या रुग्णांना डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर चालणेही अशक्यप्राय होते. सायकलीवरून शाळेत जाणाऱ्या, एरवी धडधाकट मुलीविषयी त्यावरून किती अनुमान करावे?

अशा मुलींवरील प्रयोग बहुधा असे असतात: डोळे मिटून बलमापक फळीवर उभे करावयाचे आणि देह किती डुलतो ते पाहावयाचे, अथवा अंधारात प्रकाशमान काठी उभी सरळ लावावयास सांगावयाचे. पुष्कळ अभ्यासांत डोलणे अधिक आढळले, काहींत आढळले नाही. अधिक आढळले की ‘बोध सदोष’ हा निष्कर्ष तयारच असतो. पण धडाचा भारच एका अंगास सरकलेला असेल, तर निर्दोष बोध असूनही देह अधिक डुलू शकेल. शिवाय मुलीची तपासणी बाक दिसल्यानंतर होते. बोध बिघडून कणा वाकला की वाकलेल्या कण्याशी बोधाने जुळवून घेतले, हे एकदाच केलेल्या मोजणीतून कळणे शक्य नाही.

याहून गंभीर घोटाळा ‘चूक’ या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्याने होतो. धड एका ठरावीक स्थितीत पुनःपुन्हा आणावयास सांगितले आणि चुका चोहीकडे विखुरल्या, तर बोध दुर्बळ आहे. त्याच चुका एका बाजूस घट्ट जमल्या, तर बोध तल्लख असून त्याचे शून्यच सरकलेले आहे. दोहोंची सरासरी एकत्र करणारा अहवाल वाचकाच्या उपयोगाचा नाही.

हा केवळ संख्याशास्त्राचा काथ्याकूट नव्हे. घरी आणि शाळेत मुलीला ‘ताठ उभी राहा’ म्हणून दटावले जाते. शून्य सरकले असेल तर ती स्वतःच्या मते ताठच उभी असते. दटावण्याने तिला फक्त स्वतःच्या देहाविषयी अविश्वास मिळतो. स्वतः बाकाने ग्रस्त असलेल्या काथारिना श्रोथ यांनी १९२१ साली जर्मनीतील माइसेन येथे सुरू केलेल्या व्यायामोपचारात आरशाला स्थान मिळाले, ते याच अडचणीमुळे सार्थ वाटते. आरसा काढून घेतल्यावर काय उरते, हे मात्र आरशासमोर मोजून समजणार नाही.

उत्तर हवे असेल तर मोजणी बाकाच्या आधी, नवव्या-दहाव्या वर्षी सुरू करून उंचीची झपाट्याची वाढ संपेपर्यंत चालवावी लागेल. अ‍ॅडम्स यांच्या नावाने १८६५ पासून ओळखल्या जाणाऱ्या, पुढे वाकवून पाठ पाहण्याच्या तपासणीस उपकरण लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांतून मुले तपासत आली आहेत. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात त्या तपासणीला डोळे मिटून धड पुनःपुन्हा सरळ आणण्याची एक सोपी चाचणी जोडावी आणि प्रत्येक वेळची चूक दिशेसह स्वतंत्र लिहावी. सरासरी नंतर काढता येते.