दिव्हेर्से मान्येरे
इटालियन वास्तुकार व आरेख्यक कलावंत जोव्हान्नी बात्तीस्ता पीरानेसी (१७२०–७८) याचा अंतर्गत वास्तुसजावटीविषयीचा अम्लरेखनसंग्रह. तो रोम येथे १७६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भिंतीतील शेकोट्यांच्या संगमरवरी चौकटी हा त्याचा मुख्य विषय असून मेजे, घड्याळे, कलशपात्रे इत्यादींचे आराखडेही त्यात आहेत. अशा शेकोटीला प्राचीन वास्तुकलेत नमुना नव्हता. त्यामुळे येथे केवळ अनुकरण शक्यच नव्हते. पीरानेसीने ईजिप्शियन, इट्रुस्कन, ग्रीक व रोमन आकृतिबंध निःसंकोचपणे एकत्र आणले. ग्रीक साधेपणालाच आदर्श मानणाऱ्या समकालीनांना हे त्याचे उत्तर होते. सोबतच्या इटालियन, इंग्रजी व फ्रेंच निबंधात त्याने आपल्या भूमिकेचे समर्थन केले.

या अलंकरणात डोळ्यांना विसावा क्वचितच मिळतो. अम्लरेखनात मात्र हा दोष बराचसा झाकला जातो. ताम्रपत्रावरील रेषा अम्लाने कमीअधिक खोल करता येत असल्याने गौण तपशील गडद छायेत मागे सरतात व मुख्य आकार उठून दिसतात. दगडात कोरताना शिल्पकाराच्या हाती ही सोय नसते. काही चौकटी प्रत्यक्ष घडविल्या गेल्या. त्यांपैकी एक ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्यूझीयममध्ये आहे. उलट, रोममधील ‘इंग्लिश कॉफीगृहा’तील त्याची ईजिप्शियन शैलीची भित्तिसजावट नष्ट झाली असून तिचे स्वरूप या संग्रहातील दोन मुद्राचित्रांवरूनच दिसते. म्हणून या संग्रहाचे मूल्यमापन करताना सजावटीचा गुण कोणता व रेखनाचा कोणता, हा विवेक आवश्यक ठरतो. दुसऱ्याचे पारडे निःसंशय जड आहे.