‘रेड बिअर्ड’मधला विद्यार्थी

अकिरा कुरोसावाच्या ‘रेड बिअर्ड’बद्दल (१९६५) बोलताना लोक बहुतेक वेळा तोशिरो मिफुनेने साकारलेल्या दाढीवाल्या डॉक्टर नीदेबद्दलच बोलतात. मला मात्र हा तीन तासांचा सिनेमा त्याच्या विद्यार्थ्याचा वाटतो.

काळ एकोणिसाव्या शतकातला, गाव एदो, म्हणजे आजचं तोक्यो. नागासाकीला डच वैद्यक शिकून आलेला यासुमोतो शोगुनच्या पदरी राजवैद्य व्हायची स्वप्नं बघतोय. प्रत्यक्षात त्याची रवानगी होते कोइशिकावाच्या गोरगरिबांच्या दवाखान्यात. तो गणवेश घालत नाही, काम करत नाही, मुद्दाम नियम मोडतो. नीदे त्याच्यावर डाफरत नाही, पण त्याच्या नागासाकीच्या वह्या मात्र मागतो. यासुमोतोला हा अन्याय वाटतो. ज्ञान ही त्याची खाजगी मालमत्ता! गुरूला अजून शिकायचंय, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

त्याला पहिलं काम मिळतं ते मरणाऱ्या रोकुसुकेजवळ बसण्याचं. उपचार संपलेत, आता नुसतं बघायचं. यासुमोतोला ते मरण बघवत नाही. पाठोपाठच्या शस्त्रक्रियेत तर तो चक्कर येऊन पडतो. वह्यांत यातलं काहीच नव्हतं.

सिनेमाचा गाभा मात्र एका चमच्यात आहे. वेश्यागृहातून सोडवून आणलेली बारा वर्षांची ओतोयो औषध झटकून देते. नीदे चमचा पुन्हा भरतो, ती पुन्हा उडवते, तो पुन्हा भरतो. शेवटी ती औषध गिळते. ओतोयोचं मूळ दोस्तोयेव्हस्कीच्या ‘द इन्सल्टेड अँड ह्युमिलिएटेड’मधल्या नेलीत आहे. तिथेही एक म्हातारा डॉक्टर असाच चिकाटीने औषध पुढे करतो. कुरोसावाने शेजारी शिकाऊ डॉक्टर बसवला आणि दयेचा प्रसंग शिकवणीचा झाला.

माझी तक्रार आहे ती दुसऱ्या नीदेबद्दल. तो एकटा गुंडांची हाडं मोडतो, श्रीमंत सरदाराकडून भरमसाट फी उकळतो. डॉक्टरने असं वागू नये, असं तोच मारामारीनंतर म्हणतो. पण सिनेमाला त्याचा पराक्रम आवडलेला असतो. गुरूचा असा महापुरुष झाला की विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त भक्ती उरते. आपल्याकडेही ‘सरांच्या हाताला गुण आहे’ म्हटलं की तो हात नेमकं काय करतोय, हे बघायचं राहून जातं. हाडं मोडणाऱ्या नीदेची पूजा करता येते, चमचा भरणाऱ्या नीदेकडून शिकता येतं.

शेवटी यासुमोतो राजवैद्यपद सोडून दवाखान्यातच राहायचं ठरवतो. नीदे त्याला बजावतो, पस्तावशील. तरीही हा निर्णय मला पटतो, कारण तो गुरूच्या प्रवचनातून आलेला नाही. मधल्या काळात यासुमोतो स्वतः आजारी पडलेला असतो, आणि त्याच्या उशाशी बसलेली असते ओतोयो.