सातपुड्याचे रिंगण आणि मैदानावरची रांग

गणपती विसर्जन, कार्तिकी एकादशीचा जळगावचा रामरथ, शिवजयंती आणि २६ जानेवारी. खान्देशात पन्नास-शंभर माणसे एका ठेक्यावर अंग झोकून देताना दिसतात ती बहुधा याच निमित्तांनी. एरवी लेझमी शाळेतल्या क्रीडासाहित्याच्या खोलीत पडून असतात आणि मल्लखांबाला फक्त स्पर्धेच्या तोंडावर तेल लागते. जळगाव-धुळ्याकडे सामूहिक कसरती-नृत्यांच्या या कलेचे साहित्य भरपूर आहे, शिकवणारेही आहेत. तरीही तिची अवस्था बरी नाही, आणि त्याचे कारण लोकांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे होईल.

जगात या प्रकाराला ‘सर्वांसाठी जिम्नॅस्टिक्स’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने त्याला स्वतंत्र शाखेचा दर्जा दिला आहे. दर चार वर्षांनी त्याचा मोठा मेळा भरतो, जागतिक जिम्नॅस्ट्राडा. पहिला १९५३ साली रॉटरडॅमला झाला, अलीकडचा २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमला. हजारो लोक येतात, पण पदक कुणालाच मिळत नाही, कारण तिथे स्पर्धाच नसते. शाळकरी पोरांच्या संघानंतर त्याच मैदानावर पिकल्या केसांच्या आज्या चेंडू आणि दोऱ्या घेऊन उतरतात. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडतात.

हे सगळे परदेशी म्हणून बाजूला सारण्याआधी थोडा इतिहास पाहावा. जिम्नॅस्ट्राडाच्या आधी स्टॉकहोमला ‘लिंगियाड’ भरत असे. स्वीडिश व्यायामपद्धतीचे जनक पेर हेन्रिक लिंग यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९३९ मध्ये पहिला. दुसरा १९४९ मध्ये. या दुसऱ्या मेळ्यात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक होते. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या याच मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीही देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसले की बडनेऱ्याला उतरून अमरावती गाठता येते, इतके हे गाव खान्देशाला जवळचे. म्हणजे ही चळवळ युरोपात आकार घेत असताना आपल्या शेजारची माणसे तिथे हजर होती. पुढे मात्र आपण स्पर्धेच्या वाटेने गेलो आणि मेळ्याची वाट सोडली.

खान्देशातला या कलेचा सर्वांत जिवंत नमुना सातपुड्यात आहे. होळीच्या आधी शिरपूर, चोपडा, यावलकडच्या पाड्यांत भोंगऱ्याचे बाजार भरतात, ढोल-मांदळ वाजू लागतात आणि पावरा, भिल्ल बाया-माणसे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून रिंगण धरतात. त्यात वयाची अट नाही. नातीच्या शेजारी आजी असते, आणि पाय मंदावलेल्या माणसाला दोन्ही बाजूंचे हात सावरून घेतात. तिकडे साक्री तालुक्याच्या पश्चिमेला डांगचा शेजार लागतो. डांगी नृत्यात पावरी या वाद्याच्या सुरावर माणसांच्या खांद्यांवर माणसे चढून मनोरे उभे राहतात. यात ताकद आहे, तोल आहे, लय आहे. जिम्नॅस्टिक्सच्या पुस्तकात याहून वेगळे काय असते?

हेच नृत्य शहरातल्या महोत्सवात येते तेव्हा त्याचे जे होते ते पाहवत नाही. तास-तास चालणारे रिंगण काही मिनिटांत उरकायचे असते. पाहुणे समोर बसलेले, म्हणून गोल मोडून रांग केली जाते, सगळ्यांची तोंडे मंचाकडे वळवली जातात. म्हाताऱ्यांना गाळून सारख्या उंचीची कॉलेजची पोरे निवडली जातात. वेशभूषा तीच राहते, पण ज्या रचनेमुळे हे नृत्य सर्वांचे होते ती रचनाच निघून जाते.

लेझमीचे दुखणे याच जातीचे. एका हातात लाकडी दांडा, दुसऱ्यात साखळीची मूठ. हात ताणला की चकत्या छमकतात, आवळला की पुन्हा छमकतात, आणि त्यावर बैठक, उडी, गिरकी, पवित्रा बसवायचा. पंधरा-वीस मिनिटे नीट लेझीम खेळणाऱ्याच्या मांड्या आणि खांदे बोलू लागतात. सांगलीत २६ जानेवारी २०१४ रोजी सात हजारांवर लोकांनी एकत्र लेझीम खेळून विश्वविक्रम केला. संख्येचे कौतुक जरूर व्हावे, परंतु कलेची खरी कसोटी रचनेत आहे: ओळींतून चौक कसा निघतो, चौकाचे वर्तुळ कसे होते, दोन वर्तुळे एकमेकांतून कशी पार होतात. हे उंचावरूनच दिसते. आपल्याकडे मात्र प्रेक्षक जमिनीवर उभे आणि पाहुणे फूटभर उंच मंचावर. त्यांना दिसते फक्त पहिली ओळ. मग बसवणारे शिक्षकही पहिल्या ओळीपुरतेच बसवतात. मागच्या पोरांनी हात वर-खाली केले तरी भागते. मिरवणुकीत डीजे आल्यापासून ठेकाही पथकाच्या हाती राहिलेला नाही.

व्यवस्थेचा वाटा याहून मोठा. शालेय क्रीडास्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळते. त्यामुळे पालक, शिक्षक, संघटना सगळे प्रमाणपत्रामागे धावतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण एकोणिसाव्या वर्षानंतर काय? बारा वर्षे मल्लखांबावर सुरेख खेळलेली मुलगी लग्नानंतर त्याच्याजवळ फिरकतही नाही. चाळिशीतल्या बाईला, साठीतल्या शेतकऱ्याला, काठी घेऊन चालणाऱ्या मुलाला या मैदानात जागाच ठेवलेली नाही.

जागा करता येते, हे मुंबईत सिद्ध झाले आहे. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन आणि अपंग मुलांना मल्लखांब शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोराचा किंवा खांबाचा स्पर्श हाच जिथे मार्गदर्शक, तिथे डोळ्यांवाचून अडत नाही. कोणत्या शरीराला कोणते साधन जमेल याचा असा विचार खान्देशात रुजायला हवा.

आशा वाटावी असे काही इथेही घडते. जळगावच्या काव्यरत्नावली चौकात तरुणींची दहीहंडी होते, सोबत दोरीच्या मल्लखांबाची प्रात्यक्षिके असतात, आणि गर्दी ती मन लावून पाहते. मुलींच्या थरात तळाला कोण, मधे कोण, वर कोण हे वजन-उंची पाहून ठरते. तळातल्या थोराड मुलीचा मान वरच्या चिमुकलीइतकाच. या चौकाला वर्षातून एक संध्याकाळ मिळते, ती पुरेशी नाही.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे जिल्हा क्रीडा संकुले आहेत. तिथे वर्षातून एकदा निव्वळ प्रात्यक्षिकांचा दिवस ठेवावा. प्रेक्षकांना उंच गॅलरीत बसवावे, मंच काढून टाकावा, पंच नेमू नयेत. प्रत्येक पथकात तीन पिढ्या असाव्यात एवढीच एक अट. पावऱ्यांचे रिंगण मैदानाच्या मधोमध, त्यांना हवा तेवढा वेळ. तारीख कापूस वेचणी उरकल्यावर आणि उन्हाळा तापण्याआधीची, म्हणजे फेब्रुवारीतली. पाड्यावरची माणसे होळीच्या तयारीला लागण्यापूर्वी मोकळी असतात आणि दहावी-बारावी सोडून शाळांच्या बाकी वर्गांच्या वार्षिक परीक्षाही सुरू झालेल्या नसतात. पुढचा जिम्नॅस्ट्राडा २०२७ मध्ये लिस्बनला आहे. तिथवर जायचे की नाही हे नंतर ठरवता येईल; आधी शिरपूरचे रिंगण धुळ्याच्या मैदानावर रिंगण म्हणूनच उतरू द्यावे.